अनलिमिटेड पिझ्झा खायला जाताय? आकडा घरूनच ठरवून निघा

भाच्याच्या वाढदिवसाला आम्ही सहा जण एका अनलिमिटेड पिझ्झाच्या ठिकाणी गेलो होतो. माणशी ३९९, वर कर. दुपारचं जेवण मुद्दाम टाळलेलं, कारण 'वसूल' करायचं होतं. पहिल्या पंधरा मिनिटांत सूप, गार्लिक ब्रेडचे चार तुकडे, वाडगाभर पास्ता आणि दोन ग्लास कोल्ड्रिंक पोटात गेलं. पिझ्झा टेबलावर आला तेव्हा भूक अर्धी मेली होती. तरी मी नऊ तुकडे खाल्ले. शेवटचे तीन चवीला कसे होते ते आठवत नाही, कारण ते मी खाल्ले नव्हते, संपवले होते. रात्री दीड वाजता तीन उशा रचून बसलो होतो, घशाशी आंबट येत होतं आणि बायको स्वयंपाकघरात ओवा शोधत होती. ओवा हातावर ठेवताना ती एवढंच म्हणाली, "झाले का वसूल?"

त्यानंतरही मी अनलिमिटेडला जातो. ऑफिसची पार्टी असते, कॉलेजची मंडळी जमतात, मुलं मागे लागतात. जाऊच नका असं सांगणारा लेख मला लिहायचाही नाही. फरक इतकाच की आता काही गोष्टी घरी ठरवतो, काही दारात विचारतो आणि टेबलावर फक्त जेवायचं काम शिल्लक ठेवतो.

आधी हिशेब: पैसे दारातच गेलेले असतात

३९९ वर ५ टक्के जीएसटी धरला तर माणशी ४१८ रुपये ९५ पैसे होतात. खुर्चीत बसताक्षणी हे पैसे गेले. तुम्ही तीन तुकडे खा किंवा तेरा, त्यातला एक रुपयाही परत येत नाही. सातव्या तुकड्याने काही वाचत नाही, तो फक्त पोटात जातो. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नाटकांचं सीझन तिकीट घेणाऱ्यांपैकी काहींना खिडकीवर अचानक सूट दिली आणि काहींकडून पूर्ण पैसे घेतले. पूर्ण पैसे भरणारे सीझनच्या पहिल्या निम्म्या भागात जास्त नाटकांना गेले. नाटकं एकच, सोय एकच, टोचत होते ते भरलेले पैसे. आता जास्त नाटकं बघून कोणाचं पोट बिघडत नाही, पिझ्झ्याचं तसं नाही.

मालकाचा हिशेब वेगळा असतो आणि तो कळला की बरंच काही आपोआप उलगडतं. तो तुमच्या एकट्याच्या पोटावर पैज लावत नाही, दिवसभरात येणाऱ्या सगळ्यांच्या सरासरीवर लावतो. कोणी तीन तुकड्यांत आटोपतो, कोणी दहा खातो. मैदा, बटाटा, साखरेचं पाणी स्वस्त. चीज, पनीर, चिकन महाग. म्हणून स्वस्त पदार्थ आधी येतात आणि भराभर येतात, महागाचे मागून आणि बेताबेताने. यात फसवणूक काही नाही, धंदा आहे. हा हिशेब चुकला तर काय होतं तेही दिसलं आहे: अमेरिकेतल्या 'रेड लॉबस्टर' या साखळीने २०२३ मध्ये २० डॉलरला हवी तेवढी कोळंबी ही ऑफर कायमची केली, लोक तुटून पडले, त्या वर्षीच्या एका तिमाहीत कंपनीला सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा तोटा झाला आणि मे २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीची दुखणी इतरही होती, एकट्या कोळंबीने ती बुडाली असं नाही. पण मालकाला 'हरवायला' निघालेल्या गिऱ्हाइकाने एक लक्षात ठेवावं: मालक हरला तर ताळेबंदात हरतो, आपण जिंकलो तरी पोट आपलंच दुखतं.

पायरी १: आकडा ठरवा

तुकड्यागणिक पैसे देता तेव्हा किती खाता, हे आठवा. बहुतेकांचं उत्तर तीन किंवा चार येईल. त्यात सणाचा म्हणून एक मिळवा. झाला तुमचा आकडा. माझा पाच आहे आणि तो निघण्याआधी मी बायकोला सांगतो. मनात ठेवलेला आकडा टेबलावर हमखास सरकतो. दुसऱ्याला सांगितलेला जरा कमी सरकतो.

आकड्याला आधार हवा असेल तर मध्यम आकाराच्या चीज पिझ्झ्याचा एक तुकडा ढोबळमानाने १८० ते २५० कॅलरींचा धरा. पाच तुकडे म्हणजे ९०० ते १२५०. आपल्याकडे मेन्यूकार्डावर माहितीसाठी छापतात तो दिवसाचा आकडा २००० कॅलरींचा आहे. म्हणजे पाच तुकड्यांतच दिवसाचा निम्मा कोटा, आणि सूप-ब्रेड-पास्ता-ब्राउनी अजून मोजलेलंच नाही. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थासमोर कॅलरी छापाव्यात असा एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२२ पासून लागू आहे. मोठ्या साखळीत गेलात तर ते बारीक आकडे एकदा वाचा. बुफेच्या टेबलावर ते सहसा डोळ्यांसमोर नसतात, म्हणून घरीच साइटवर बघितलेलं बरं.

आणि आकडा काढल्यावर सरळ तुलना करा. चौघांच्या घरात दोन मुलं दोन-दोन तुकडे खाणार असतील, तर दोन मध्यम पिझ्झे साधे मागवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. मग 'अनलिमिटेड' कशासाठी घेतोय हा प्रश्न तिथेच मिटतो.

पायरी २: उपाशी जाऊ नका

ही चूक सगळे करतात आणि शहाणपणा म्हणून करतात. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस भरभर खातो, आणि पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचायला वीसेक मिनिटं जातात. त्या वीस मिनिटांत उपाशी माणूस कुठल्या कुठे पोचलेला असतो. रात्री आठला जायचं असेल तर दुपारी रोजचं जेवण जेवा, भात थोडा कमी घ्या हवं तर. सहाच्या सुमारास एखादं केळं, मूठभर शेंगदाणे किंवा ग्लासभर ताक. भूक राहते, हावरटपणा जातो.

पायरी ३: दारात विचारायचे प्रश्न

बसण्याआधी विचारा, बसल्यावर नाही. वेळेची मर्यादा आहे का? बऱ्याच ठिकाणी दीड तासाची असते. अख्ख्या टेबलाने घ्यावं लागेल की एकाने घेतलं तरी चालेल? एकाने अनलिमिटेड घ्यायचं आणि शेजारच्याने त्यातलं उचलायचं, हे बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि त्यावरून भांडणं होतात. कोल्ड्रिंक आणि गोड त्यात धरलंय की वेगळं? मुलांचा दर वयावर की उंचीवर? ताटात उरलं तर दंड आहे का, आणि किती?

दंडाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण टेबलावर जास्तीचं घेऊन बसलेला माणूस दंडाच्या भीतीने ते पोटात ढकलतो आणि वर 'खाऊन माजावं, टाकून माजू नये' ही म्हण ऐकवतो. म्हण अन्न वाया घालवू नये म्हणून आहे हो, पोटाचा कचऱ्याचा डबा करावा म्हणून नाही. नको असलेला तुकडा ताटात वाया गेला काय आणि पोटात वाया गेला काय, वाया तो तेव्हाच गेला जेव्हा मागवला. थांबायचं ते मागवताना.

पायरी ४: रिकाम्या हाताने एक फेरी

बुफे मांडलेला असेल तर प्लेट न उचलता पूर्ण फेरी मारा. टोकाला काय आहे ते आधी बघा. पहिल्या पाच पावलांवर नेहमी सॅलड, ब्रेड, नूडल्स आणि बटाट्याचं काहीतरी असतं. जे खायला आपण आलो ते शेवटी. प्लेट हातात असली की माणूस ती भरत भरतच चालतो.

फेरीत मनाशी तीन गोष्टी निवडा. चार नाहीत. बार्बरा रोल्स या संशोधिकेने १९८१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला: चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचं दिली तेव्हा लोकांनी एकाच सारणाच्या सँडविचांपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. एका चवीचा कंटाळा येतो आणि तो कंटाळाच आपला ब्रेक असतो. चव बदलली की ब्रेक सुटतो. पंगतीत मसालेभाताला "पुरे पुरे" म्हणणारा माणूस जिलेबीला ताट पुढे करतो ते याच कारणाने. गोडाला काही वेगळा कप्पा नसतो. बुफेत पन्नास पदार्थ असतात याचा अर्थ ब्रेक पन्नास वेळा सुटू शकतो.

जुन्या ठिकाणांना हे न शिकता कळलेलं होतं. मिसळीच्या कितीतरी हॉटेलांत रस्सा हवा तेवढा वाढतात, पण पाव मोजून. रस्सा कितीही घ्या, पावाशी येऊन माणूस थांबतो. अनलिमिटेड पिझ्झ्यात तसा पाव नाही. तो पाव आपण घरून न्यायचा, म्हणजे पायरी १ मधला आकडा.

पायरी ५: क्रम आणि ग्लास

सर्वात आधी ज्यासाठी आलात ते. पनीरवाला पिझ्झा आवडतो तर तोच, गरम असताना, पहिला. गार्लिक ब्रेड एक तुकडा, चवीपुरता. सॅलड घ्या, पण मेयोनीजमध्ये बुडालेली कोबी म्हणजे सॅलड नव्हे.

कोल्ड्रिंकबद्दल मी जरा कडक आहे. साध्या कोलात १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलीचा ग्लास म्हणजे ३० ग्रॅमच्या वर, सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, २००० कॅलरींच्या हिशेबाने ५० ग्रॅम, आणि २५ पर्यंत आणलीत तर आणखी चांगलं. दोन ग्लासांत तो हिशेब बुडाला. त्यात ग्लास रिकामा दिसला की भरला जातो, त्यामुळे किती झाले ते मोजताही येत नाही. फ्रान्सने २०१७ मध्ये गोड पेयांच्या फुकट रिफिलवर बंदी आणली, इंग्लंडने ऑक्टोबर २०२५ पासून. आपल्याकडे बंदी नाही. तेव्हा स्वतःपुरती करून टाका: साधं पाणी मागवा, आणि कोल्ड्रिंक हवंच असेल तर एक ग्लास, शेवटच्या तुकड्याबरोबर. बाटलीबंद पाणी घ्यायची सक्ती नसते, साधं पाणी मागायला लाजू नका.

पायरी ६: आग्रह परतवणं

टेबलावर वाढणारा मुलगा लाकडी फळी घेऊन येतो. "सर, पेरी पेरी पनीर, गरम आहे, एक देऊ?" आपण पंगतीत वाढलेली माणसं. आग्रहाला नाही म्हणणं आपल्याला अपमानासारखं वाटतं, म्हणून आपण म्हणतो, "थोड्या वेळाने." त्याच्या कानाला हे 'हो' ऐकू येतं आणि तो दोन मिनिटांनी परत येतो, बरोबरच आहे त्याचं.

करायचं एवढंच: ताटावर आडवा हात धरायचा आणि त्याच्याकडे बघून म्हणायचं, "बस, झालं माझं. छान होता." लग्नाच्या पंगतीत आजोबा करायचे तसं. आकडा पूर्ण झाला की प्लेटही उचलायला सांगा. समोर रिकामी प्लेट असेल तर ती भरते. प्लेटच नसेल तर फळी पुढच्या टेबलाकडे जाते.

खरा आग्रह मात्र वाढणाऱ्याचा नसतो, आपल्याच मित्रांचा असतो. "एवढ्यात झालं? पैसे फुकट घालवलेस." पैजा लागतात. आमच्या ग्रुपमध्ये एकाने चौदा तुकडे खाऊन पैज जिंकली आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली. पैजेचे दोनशे मिळाले, पगारी रजा गेली. त्याचे फोटो अजून फिरतात. पैज लावायचीच असेल तर बिलाचा आकडा कोण अचूक सांगतो यावर लावा.

तिसरा तुकडा संपला की दहा मिनिटं थांबा. हात धुऊन या, बोला, मुलांचे फोटो काढा. दहा मिनिटांनी चौथा हवासा वाटला तर खा, मनापासून खा. ही एवढी एक पायरी पाळलीत आणि बाकीच्या विसरलात तरी माझी तक्रार नाही.

मग जबाबदारी नेमकी कोणाची?

यावर कोर्टातही वाद झाला आहे. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन किशोरवयीन मुलींच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर खटला गुदरला गेला: इथलं खाऊन मुलींचं वजन आणि आजार वाढले. न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी जानेवारी २००३ मध्ये तो फेटाळला. जास्त खाण्याचे परिणाम ज्याला माहीत आहेत किंवा माहीत असायला हवेत, त्याने जास्त खाऊन दुसऱ्याला जबाबदार धरायचं नाही, असा त्यांचा रोख होता. पण कंपनी अशी माहिती दडवत असेल जी सामान्य गिऱ्हाइकाला कळूच शकत नाही, तर गोष्ट वेगळी, अशी फटही त्यांनी ठेवली. पुढे दावा सुधारून पुन्हा दाखल झाला आणि बरीच वर्षं रेंगाळला. असे खटलेच होऊ नयेत म्हणून २००४ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने एक विधेयक मंजूर केलं, लोक त्याला 'चीजबर्गर बिल' म्हणायचे. सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही.

मला त्या न्यायाधीशांनी ओढलेली रेघ पटते. पदार्थात काय आहे, अटी काय आहेत, बिलात काय लावलं, हे खरं आणि स्पष्ट सांगणं हे दुकानदाराचं काम. ते त्याने केलं की पुढचा तुकडा उचलणारा हात माझा. चव, वास, सजावट, फळी घेऊन येणारा हसरा मुलगा हे सगळं मला खाऊ घालायलाच आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर आकडा घरी ठरवायचा. हा नियम मोठ्या माणसांना. दहा वर्षांच्या पोराला तो लावता येत नाही. त्याच्या ताटाची जबाबदारी शेजारी बसलेल्या मामाची, आणि त्या वाढदिवसाला मीच त्याला म्हणत होतो, "खा रे, पैसे दिलेत."

मुलांसमोर 'वसूल' हा शब्दच काढू नका. मूल दोन तुकड्यांवर थांबत असेल तर ते आपल्यापेक्षा शहाणं आहे, त्याला बिघडवू नका.

घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर

"आज बाहेर खायचंय, एक गोळी जास्त घेतो" हा प्रकार घराघरांत चालतो आणि तो धोक्याचा आहे. गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा स्वतःच्या मनाने वाढवायची नाही, आणि साखर कमी राहावी म्हणून औषध घेऊन उपाशीही बसायचं नाही. नेहमीच्या वेळेला जेवायला मिळेल असं टेबल बुक करा. पिझ्झा, सॉस, सूप या सगळ्यात मीठ भरपूर असतं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही मर्यादा अशा एका जेवणातही ओलांडली जाऊ शकते. आई-बाबांना अनलिमिटेडला न्यायचंच असेल तर मेन्यूवरून त्यांच्यापुरतं वेगळं मागवता येतं का, ते पायरी ३ मध्येच विचारून घ्या.

बिल

बिल आलं की दोन ओळी बघा. कर ५ टक्केच आहे ना. मोठ्या तारांकित हॉटेलात १८ असू शकतो. आणि सर्व्हिस चार्ज. तो आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वाढणाऱ्याला टीप द्यायची ती त्याच्या हातात द्या.

आणि तरीही जास्त झालंच तर

होतं. घरी येऊन लगेच आडवं होऊ नका, दोन-तीन तास तरी नाही. पंधरा मिनिटं सोसायटीत रमतगमत चाला, धावू नका. कोमट पाणी घोट घोट. ओवा चालतो. फसफसणारी पावडर घेणार असाल तर तीत सोडियम असतं, रक्तदाबवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घशात बोटं घालून उलटी काढणं तर अजिबात नको. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असं काही जाणवलं तर "गॅस असेल" म्हणत सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून निर्जळी उपासही करू नका. उपाशी माणूस संध्याकाळी वडापावच्या गाडीवर सापडतो. सकाळी भूक लागेल तेव्हा नेहमीचे पोहे, दुपारी वरण-भात-भाजी. या वर्षी भाच्याचा वाढदिवस पुन्हा तिथेच झाला. मी पाचव्या तुकड्यावर ताटावर हात धरला, तर त्याने शेजारून विचारलं, "मामा, बरं नाही का तुला?"